मानवी कंठाचा सांगाती : जुना ट्रॉम्बोन

पोलिसांच्या किंवा लष्कराच्या बँडांत, आणि क्वचित् एखाद्या थाटाच्या वरातींतही, एक वादक आपला उजवा हात सारखा पुढें-मागें करतांना दिसतो. त्याच्या हातीं पितळेची एक दुहेरी नळी असते. ती सरकली कीं स्वर बदलतो. रस्त्यावरच्या मुलांचे डोळे क्लॅरिनेटवाल्याला सोडून याच्याकडेच लागलेले असतात. या वाद्याचें नांव ट्रॉम्बोन. मोठा आवाज आणि ट्रॉम्बोन यांची सांगड ऐकणाऱ्याच्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, हेंच वाद्य एके काळीं चर्चमधील गायकांच्या साथीला बसत असे आणि एकट्या गायकाच्या शब्दावरही तें चढत नसे, असें कोणीं सांगितलें तर तें सहसा खरें वाटणार नाहीं. परंतु तें खरें आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील ट्रॉम्बोन हा रणवाद्यांपेक्षां गवयाच्या अधिक जवळचा होता.

पितळी वाद्याचा नाद पितळेंत जन्मत नाहीं, तो वादकाच्या ओठांत जन्मतो. ओठ आवळून फुंकले म्हणजे ते थरथरतात, आणि त्या थरथरण्यांतून नळी आपल्या लांबीला मानवतील तेवढेच स्वर निवडून घेते. आपल्याकडची तुतारी याचें उत्तम उदाहरण होय. तिला भोकें नाहींत, कळा नाहींत. म्हणून तुतारीवाल्याला मोजक्याच स्वरांवर भागवावें लागतें. नळीचा सर्वांत खालचा स्वर षड्ज धरला, तर पुढें क्रमानें वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, पुन्हा षड्ज, मग गंधार, पंचम, आणि नेहमींच्या कोमल निषादाहूनही किंचित् उतरलेला असा एक निषाद, हेच तिचें भांडवल. अगदीं वरच्या अंगाला गेल्यावर स्वरांच्या पायऱ्या जवळ येतात, पण तेथें पोहोंचावयास छाती आणि ओठ दोन्ही कसलेले लागतात.

या अडचणींतून वाट काढण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे वाजवितां वाजवितां नळीची लांबीच बदलणें. पंधराव्या शतकांत युरोपांतील कारागिरांनीं प्रथम एकेरी सरकत्या नळीची तुतारी केली. तींत वादकाला सबंध वाद्यच पुढें-मागें ढकलावें लागे. पुढें त्याच शतकांत दुहेरी वळणाची सरकती नळी निघाली. हात थोडासा हलला कीं लांबी दुप्पट बदलूं लागली, आणि सगळे स्वर वादकाच्या आटोक्यांत आले. इंग्रजांनीं या वाद्याला सॅकबट म्हटलें. तें नांव ओढणें आणि ढकलणें अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून पडलें आहे. ट्रॉम्बोन या इटालियन शब्दाचा अर्थ नुसता ‘मोठी तुतारी’ एवढाच.

हीं वाद्यें घडविण्यांत जर्मनींतील न्यूर्नबर्ग शहराची बरोबरी करणारें दुसरें गांव नव्हतें. नॉयशेल घराण्याच्या पिढ्यांनीं तेथें राजेरजवाड्यांसाठीं ट्रॉम्बोन घडविले. सालाचा उल्लेख असलेला, आजवर टिकलेला सर्वांत जुना ट्रॉम्बोन न्यूर्नबर्गच्याच एरास्मुस श्निट्झर यानें १५५१ सालीं केलेला असून तो त्याच शहरांतील जर्मानिश नॅशनलम्युझियममध्यें आहे. पितळेचा पातळ पत्रा ठोकून ठोकून त्याचा भोंगा घडवावयाचा, हें काम हातोडीचें. पुण्याच्या तांबट आळींतून ज्यांनीं कधीं पायीं फेरी मारली असेल, त्यांना त्या कामाचा नाद निराळा सांगावयास नको.

जुन्या आणि नव्या ट्रॉम्बोनची नळी लांबीला जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारें नऊ फूट. फरक रुंदींत आहे. जुन्या वाद्याच्या नळीचा आंतला व्यास सुमारें १० मिलिमीटर, तर आजच्या वाद्यवृंदांतील मोठ्या वाद्याचा १४ मिलिमीटरच्या घरांत. जुन्याचा भोंगा दहा-अकरा सेंटिमीटरांचा, म्हणजे एखाद्या वाटीएवढा. आजचा त्याच्या दुप्पट, बशीहूनही मोठा. पत्राही जुन्याचा पातळ. एवढ्याशा फरकानें काय होतें, असें वाटेल. परंतु रुंद भोंगा नादाला भरघोस आणि गोल करतो. अरुंद भोंग्यांतून तोच नाद सडपातळ, स्पष्ट, शब्दाच्या कडा दिसाव्यात असा बाहेर पडतो. शिवाय हळू वाजवितांना तो मरत नाहीं. हळू स्वरांतही त्याचें तेज शिल्लक राहतें, आणि गायकाच्या बाजूला बसणाऱ्या वाद्याला नेमकें हेंच हवें असतें.

या गुणाचा उपयोग व्हेनिसमध्यें फार ओळखून झाला. तेथील सेंट मार्कच्या चर्चनें १५६८ सालीं जिरोलामो दल्ला कासा आणि त्याचे भाऊ यांना वाद्यवादनासाठीं कायमचे नेमिलें. ट्रॉम्बोनचा जोडीदार असे कॉर्नेट नांवाचें एक वाद्य. या नांवाच्या हल्लींच्या पितळी वाद्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तें लाकडाचें, किंचित् वांकडें, चामड्यानें मढविलेलें. बासरीसारखीं भोकें बोटांनीं दाबावयाचीं, पण फुंकावयाचें मात्र तुतारीसारखें, ओठ थरथरवून. कॉर्नेट वरचा आवाज गाई आणि ट्रॉम्बोन खालचे. जोव्हान्नी गाब्रिएली याच्या १५९७ सालीं छापलेल्या ‘सोनाता पियान ए फोर्ते’ या रचनेंत एका ताफ्याला एक कॉर्नेट आणि तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्याला एक तंतुवाद्य आणि तीन ट्रॉम्बोन आहेत. हळू आणि मोठ्यानें कोठें वाजवावें हें कागदावर लिहून ठेवणाऱ्या पहिल्या कांहीं रचनांपैकीं ही एक. तींत एकच ताफा वाजत असला म्हणजे बहुधा ‘हळू’ आणि दोन्ही एकत्र आले म्हणजे ‘मोठ्यानें’ असें लिहिलें आहे. एका तंतुवाद्याच्या सोबतीला तीन ट्रॉम्बोन! आजच्या ट्रॉम्बोननें तो प्रयोग केल्यास त्या तंतुवाद्याचें काय होईल, हें सांगावयास नको.

परंतु या वाद्याची खरी कसोटी पाहावयाची तर हाइन्रिश श्यूत्स या जर्मन संगीतकाराकडे वळलें पाहिजे. तरुणपणीं तो गाब्रिएलीपाशीं शिकला होता. पुढें ड्रेस्डेनच्या दरबारीं संगीताचा प्रमुख असतांना तो पुन्हा व्हेनिसला गेला आणि तेथें १६२९ सालीं त्यानें एक संग्रह छापला. त्यांत ‘फिली मी, आब्सालोन’ नांवाची एक रचना आहे. बायबलांतील राजा दावीद याचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठला आणि लढाईंत मारला गेला. ती जयाची वार्ता ऐकून राजा मुलासाठीं टाहो फोडतो, एवढाच प्रसंग. गाणारा एकच, आणि तोही खर्जाचा. साथीला चार ट्रॉम्बोन आणि ऑर्गन. आरंभीं चार ट्रॉम्बोन एकामागून एक तोच शोकाचा सूर घेऊन येतात आणि मग बापाचा आवाज त्यांच्यांत मिसळतो. ऐकणाऱ्याला क्षणभर पांच माणसें रडताहेत कीं एक, हें कळत नाहीं. हीच रचना चार रुंद भोंग्यांच्या आधुनिक ट्रॉम्बोनवर घेतली, तर एक तर वादकांना सारखा श्वास दाबून वाजवावें लागतें, नाहीं तर गायकाला ओरडावें लागतें. ओरडणारा बाप हा निराळा बाप. स्वरलिपींत एकही स्वर न बदलतां, नुसत्या वाद्याच्या आकारानें, विलापाची दवंडी होते. जुन्या वाद्यांचा हट्ट धरणाऱ्यांना पुराणवस्तूंचा षोक आहे असें म्हणून जे हिणवितात, त्यांनीं हा एकच प्रयोग दोन्ही प्रकारांनीं ऐकून पाहावा.

हीं वाद्यें हातीं होतीं, पण तीं वाजवावयाचीं कशीं? येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. आपल्याकडे घराण्याची विद्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानांत जाते. वाद्य मोडलें तर दुसरें करतां येतें, पण शिकविणारा गेला कीं सारें संपतें. युरोपांत या वाद्यांच्या बाबतींत असेंच झालें. अठराव्या शतकांत ट्रॉम्बोन बऱ्याच देशांतून मागें पडला. १७८४ सालीं लंडनला हेंडेलच्या स्मरणार्थ मोठा उत्सव झाला, तेव्हां ट्रॉम्बोन वाजविणारे शोधून शोधून अखेर राजाच्या लष्करी बँडांत सांपडले, असें चार्ल्स बर्नी यानें नोंदवून ठेवलें आहे. व्हिएन्ना, साल्झबुर्ग, लाइपझिग अशा ठिकाणीं परंपरा तग धरून होती. बेटोव्हननें १८१२ सालीं लिंट्स येथें मृतांच्या स्मरणदिनासाठीं चार ट्रॉम्बोनचे तीन छोटे तुकडे लिहिले, आणि त्यांतलेच दोन १८२७ सालीं त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेंत ऐकूं आले. पुढें वाद्यवृंद वाढले, सभागृहें वाढलीं. १८३९ सालीं लाइपझिगच्या साट्लरनें रुंद नळीचा ट्रॉम्बोन बनविला आणि वाद्य आजच्या रूपाच्या वाटेला लागलें. कॉर्नेट तर पार नाहींसाच झाला. संग्रहालयांच्या कपाटांत वाद्यें राहिलीं. वाजविणारे हात राहिले नाहींत.

विसाव्या शतकांत ही विद्या पुन्हा उभी करावी लागली ती पुस्तकांतून, चित्रांतून आणि खुद्द वाद्यांच्या मोजमापांतून. मिखाएल प्रेटोरियुस यानें १६२० सालीं छापलेल्या चित्रांत वाद्यांबरोबर मोजपट्टी काढून ठेवली आहे, हे त्याचे उपकारच. दानिएल श्पेअर यानें १६८७ सालच्या आपल्या पुस्तकांत नळी कोठवर ओढावी हें सांगितलें आहे. आजचा वादक सात जागा मोजतो. जुना वादक चारच मुख्य जागा मानी, आणि कोमल-तीव्र स्वरांसाठीं त्यांच्या आगेंमागें थोडें सरकत असे. फरक नुसत्या संख्येचा नाहीं. चार जागा मानणारा सप्तकाचा विचार शुद्ध स्वरांनीं करतो, गवयासारखा. सात मानणारा अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पट्ट्यांनीं, पेटीवाल्यासारखा.

पेटीचा विषय निघालाच, तर गंधाराचेंही बोललें पाहिजे. तंबोरा चांगला लागला म्हणजे खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गंधार उमटतो, त्याहून पेटीचा गंधार चढा असतो. याच भांडणापायीं १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांचें दार बंद केलें होतें, आणि तें किलकिलें व्हावयास तीस वर्षें लागलीं. ट्रॉम्बोनला हा प्रश्नच नाहीं. नळी केसभर सरकली कीं गंधार जेथें हवा तेथें बसतो. गायकांच्या ताफ्यांत मिसळणारें वाद्य म्हणून त्याला मान मिळाला, त्याचें अर्धें कारण हें. मात्र आपल्या श्रोत्याला येथें जी मींड अपेक्षित असते, ती जुने वादक घेत नसत. हात सरकण्याच्या त्याच क्षणीं जीभ स्वर तोडी, आणि मधलें घसरणें कानांवर पडत नसे.

जिभेच्या या कामाला बोल होते. वर आलेल्या दल्ला कासानें १५८४ सालच्या आपल्या ग्रंथांत ते दिले आहेत : ते-रे, ते-के, ले-रे. तबलजी बोटांसाठीं बोल पाठ करतो, तसे हे जिभेसाठीं. ते-के कठोर, ले-रे मृदु. आणि हा मृदु बोलच गळ्यांतून घेतलेल्या तानेच्या सर्वांत जवळ जातो, असें त्याचें मत होतें. लांब स्वराच्या जागीं लहान स्वरांची पेरणी करून मूळ चाल सजविण्याची कला त्या काळीं प्रत्येक वादकाला येत असे. फ्रान्चेस्को रोन्योनी यानें १६२० सालीं छापलेल्या एका सजावटींत तर ट्रॉम्बोनला खर्जापासून तारेपर्यंत धांवावयास लाविलें आहे. बँडमधल्या भारदस्त ट्रॉम्बोनकडे पाहून हें मनांतही येणार नाहीं.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें १९३३ सालीं निघालेल्या स्कोला कान्तोरुमनें या शिक्षणाला घर दिलें. पुढें १९८२ सालीं इंग्लंडांत ‘हिज मॅजेस्टीज सॅगबट्स अँड कॉर्नेट्स’ आणि १९८७ सालीं ‘कोंचेर्तो पालातिनो’ असे ताफे उभे राहिले. पण सगळे अभ्यासक एकमतानें चालतात असें नाहीं. जुन्या भोकें नसलेल्या तुतारीवर बाखचें संगीत वाजवावयाचें, तर तिचे कांहीं स्वर बेसूर निघतात. म्हणून १९६० च्या सुमारास जर्मनींत श्टाइनकोप्फ आणि फिंके यांनीं तिला लहान छिद्रें पाडलीं. स्वर सुधारले. परंतु जुन्या तुतारीवाल्यांना हीं छिद्रें ठाऊक नव्हतीं. ते नुसत्या ओठांनीं तो स्वर वांकवून सुरांत आणीत. बाझेलमध्येंच छिद्रांवांचून वाजविण्याचें शिक्षण दिलें गेलें आहे. चूक ऐकूं येण्याचा धोका पत्करणारे आणि न पत्करणारे, असे हे दोन पक्ष.

ट्रॉम्बोनवाल्यांचा वाद याहून बारीक आहे, पण जात तीच. मूळ वाद्याच्या नळीला शेवटची जाड कडी नव्हती, त्यामुळें ती सगळ्या लांबीभर घासते. सांधे सर्वच डाख लावून पक्के केलेले नसत. आंत सांठलेलें पाणी सोडावयास कळ नव्हती, तें नळी काढून झटकावें लागे. आजचे कित्येक कारागीर या गैरसोयी गुपचूप दूर करून देतात. कांहीं वादकांना तें चालतें. दुसरे कांहीं म्हणतात कीं, तोंडाशीं धरावयाच्या वाटीची सपाट कड आणि आंतली धारदार कोर जशीच्या तशी ठेवली नाहीं, तर जिभेचा ते आणि ले यांतला भेद पुसला जातो. नवा वादक असें वाद्य पहिल्यानें हातीं घेतो तेव्हां संवयीप्रमाणें जोरानें फुंकतो, आणि आवाज फाटतो. श्वास निम्मा करून, शेजारच्या गायकाचा शब्द कानांवर घेत, त्यानें पुन्हा फुंकलें म्हणजे तो जुळूं लागतो. आजही श्निट्झरच्या त्या वाद्याचीं मापें घेऊन नवे भोंगे ठोकले जात आहेत.