रिपोर्ट नॉर्मल, तरी हाडं का दुखतात?



रोवण्याच्या दिवसांत मुलचेऱ्याजवळच्या वस्तीत एक मावशी हातात रिपोर्ट घेऊन आल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. दोन महिन्यांपासून कंबर ठणकत होती. म्हणाल्या, "सिस्टर, ईएसआर तं नॉर्मल आहे म्हणते, मंग रात्री झोप कायले येत नाही?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ईएसआरमध्ये रक्त नळीत उभं ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. अंगात कुठे दाह झाला की ते वाढतं. या दोन्ही तपासण्या 'कुठेतरी आग आहे' एवढंच सांगतात. आग कुठे, कशाची, हे सांगत नाहीत. टीबी, न्यूमोनिया, संधिवात यांतही त्या वाढतात. ईएसआर तर रक्त कमी असलं किंवा वय झालं तरी वाढतो. म्हणून आकडा वाढला म्हणजे कॅन्सर पसरला असं नाही, आणि नॉर्मल आला म्हणजे पसरला नाही असंही नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सिकलसेलच्या (एसएस) रुग्णाच्या विळ्यासारख्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे सावकाश खाली बसतात. दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. शिवाय सिकलसेलमध्ये हाडं दुखतातच, म्हणून दुसरा आजार झाकला जातो. डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांचे कॅन्सर हाडांत जास्त पसरतात. आधी कॅन्सर झालेल्या माणसाचं हाड आराम करूनही, रात्रीसुद्धा दुखत असेल तर "मला कॅन्सर झाला होता" हे स्वतःहून सांगा. कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या रक्ततपासण्यांची मदत होते, पण निदानासाठी एक्स-रे, बोन स्कॅन किंवा एमआरआय लागतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. तोवर कंबर चोळून, दाबून घेऊ नका. पोखरलेलं हाड मोडू शकतं.

पाय लुळे पडले, बधिर झाले, लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी १०८ ला फोन करा. मणक्यातली नस दबली असेल तर उशीर झाल्यास पाय कायमचे जातात.

हाडांत पसरलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. रेडिएशनने बहुतेकांचं दुखणं कमी होतं, हाड बळकट करणारी इंजेक्शनंही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

मावशींना आम्ही नागपूरला पाठवलं. स्कॅनमध्ये मणक्यात डाग दिसला, रेडिएशन झालं. आता त्या रात्री झोपतात. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं असलं, तरी दुखणं खरं असतं. ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगा.