पाषाण आणि वस्त्र : निसर्गप्रेरित गृहसजावटीचे माध्यम व मूल्य

प्रस्तावना

गृहसजावटीच्या बाजारपेठेत ‘निसर्गप्रेरित’ हे विशेषण आज सढळपणे वापरले जाते. संगमरवरी मेजावरील फुलांची वेल, दगडी जाळीचा दिवा, बुट्ट्यांचे पलंगपोस या सर्वांना ते लावले जाते. मात्र वस्तूवर फूल उमटले एवढ्यावरून तिचे निसर्गाशी नाते सिद्ध होते काय? आग्र्याचे दगडकाम आणि जयपूरजवळील सांगानेर व बगरू येथील ठसेछपाई यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पाषाणातील फूल

या परंपरेमागे मुघल दरबाराचे निसर्गनिरीक्षण आहे. १६२० मधील काश्मीर यात्रेच्या संदर्भात चित्रकार उस्ताद मन्सूर याने शंभराहून अधिक फुले चितारल्याची नोंद जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. १६३२ मध्ये काम सुरू झालेल्या ताजमहालात हेच फूल मकराण्याच्या संगमरवरावर दोन प्रकारे अवतरले : भिंतींच्या खालच्या भागात उठावाच्या कोरीवकामाने आणि अन्यत्र रंगीत दगडांच्या पच्चीकारीने.

पच्चीकारीत संगमरवरावर आकृती कोरून खाचा पाडतात. रंगीत दगडाचे पातळ तुकडे कुरुंदाच्या फिरत्या चाकावर घासून खाचेच्या मापाचे करतात व चिकटवितात. संगमरवराचा कठीणपणा मोसच्या मापनश्रेणीत सुमारे ३, तर लाल अकीकाचा सुमारे ७ आहे. म्हणून खाच पाडण्यापेक्षा पाकळी घडविणे अधिक कष्टाचे ठरते. याउलट शंखजिऱ्याचा दगड अत्यंत मऊ असल्याने आग्र्यातील छोट्या जाळीदार दिव्यांसाठी तो सोयीचा ठरतो.

वस्त्रातील फूल

दगडात फूल कोरून साकारते, तर कापडावर ते ठशांनी टप्प्याटप्प्याने उमटते. लाकडी ठशांपैकी ‘रेख’ बाह्यरेषा उमटवितो, ‘गद’ पार्श्वभूमी भरतो आणि ‘दत्ता’ आतील रंग देतो. सांगानेरचे वैशिष्ट्य शुभ्र पार्श्वभूमीवरील नाजूक बुट्ट्यांत आहे. बगरूत कापड प्रथम हिरड्याच्या द्रावणात बुडवितात. सह्याद्रीत आदिवासी बांधव जो हिरडा गोळा करतात, तोच हा. त्यातील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन काळा रंग मिळतो. त्यासाठी गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवितात. तुरटीच्या साहाय्याने लाल रंग पक्का होतो. ‘दाबू’ पद्धतीत चिखल, चुना व डिंक यांच्या लेपाने झाकलेला भाग रंगापासून अलिप्त राहतो. म्हणजे येथे निसर्ग आकृतीत आहे, तसाच रंगद्रव्यातही आहे.

प्रकाशाचे कार्य

प्रकाशयोजनेत या माध्यमांचे गुणधर्म स्पष्ट होतात. संगमरवराच्या स्फटिकांत प्रकाश काही अंतर शिरून विखुरतो, त्यामुळे पातळ दगड मंद उजळतो आणि त्यात जडविलेला लाल अकीक निखाऱ्यासारखा दिसतो. जाळी प्रकाश अडवून भिंतीवर छायाकृती टाकते, तर कापडी आच्छादन तो पसरवून सौम्य करते. जुन्या तारेच्या बल्बमध्ये बहुतांश विजेची उष्णता होत असे, म्हणून कापड दूर ठेवावे लागे. एलईडी दिव्यांमुळे ही मर्यादा बरीच शिथिल झाली आहे.

सौंदर्याची किंमत

संगमरवर मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट असल्याने त्याच्या धुळीत सिलिका अल्प असते. मात्र अकीक हा सिलिकाच आहे. ज्या दगडाने पाकळी लाल होते, त्याचीच सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. हा विकार बरा होत नाही, परंतु टाळता येतो. गुजरातमधील खंभात येथील अकीक कारागिरांमध्ये तो दीर्घकाळ आढळत आला आहे. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये या विकारासंबंधी स्वतंत्र धोरण स्वीकारले. ओल्या पद्धतीने घासकाम करणे आणि धूळ उगमापाशीच शोषून घेणे हे ज्ञात उपाय आहेत. प्रश्न आहे तो घरगुती कारखान्यांपर्यंत ते पोहोचविण्याचा.

वस्त्राचीही अशीच बाजू आहे. सांगानेरमध्ये रासायनिक रंग व पडदाछपाई वाढल्यानंतर सांडपाण्याने द्रव्यवती नदीच्या प्रदूषणात भर घातली. वनस्पतिजन्य रंगांचे कापडही वारंवार धुवावे लागते. कमी पावसाच्या प्रदेशात या पाण्याचा हिशेब टाळता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘निसर्गप्रेरित’ या विशेषणाची कसोटी आकृतीपुरती मर्यादित ठेवणे अपुरे आहे. रंग कोठून आला, पाणी कोठे गेले आणि धूळ कोणाच्या श्वासात गेली, हे तीन प्रश्नही त्या कसोटीत समाविष्ट व्हावयास हवेत. गृहविज्ञान, रसायनशास्त्र व वाणिज्य या विभागांनी एखादी हस्तकला वस्तू समोर ठेवून हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे एकत्रितपणे मांडल्यास आंतरविद्याशाखीय अध्ययनास ठोस विषय मिळेल. तसेच धूळमुक्त कामासाठी व स्वच्छ पाण्यासाठी वस्तूची किंमत थोडी वाढली, तर ती न्याय्य का आहे, हे उद्याच्या ग्राहकास समजेल. कारागिराचे आरोग्य राखून घडविलेले फूलच निसर्गप्रेरित म्हणविण्यास पात्र होय.