डॉक्टर येईपर्यंत

वॉर्डात एखाद्याचं हृदय थांबलं की पहिली पोचते ती बहुधा सिस्टर. ती रुग्णाला हाक मारते, खांदा हलवते, मदतीला ओरडते. मानेची नाडी बघायला फार तर १० सेकंद. नाडी लागली नाही की छाती दाबायला सुरुवात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटिमीटर खोल. ३० दाबांनंतर २ श्वास. तोवर दुसरी सिस्टर औषधांची ट्रॉली आणि शॉकचं यंत्र आणते. दर २ मिनिटांनी दाबणारी बदलते, कारण दमलेले हात उथळ दाबतात. कधी बरगडी मोडते. तरी थांबायचं नसतं. दाराशी उभ्या नातेवाइकांना ही मारहाण वाटते, पण मेंदूला रक्त पोचतं ते त्या दाबानंच. सिनेमात काहीही दाखवोत, पडद्यावरची रेघ सपाट असेल तर शॉक देत नाहीत. हृदय नुसतं थरथरत असेल, तर तो लागू पडतो. सपाट रेघेला दाब आणि ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन.