रक्तातील जुनी ओळख

मूत्रपिंडे निकामी झालेल्या पत्नीला आपले एक मूत्रपिंड देण्यास पती मनापासून सिद्ध असतो, रक्तगट जुळलेले असतात, कायद्याला हवे ते दाखले व प्रतिज्ञापत्रे पुरी झालेली असतात, आणि तरीही प्रयोगशाळेच्या अहवालात ‘क्रॉसमॅच पॉझिटिव्ह’ एवढे दोनच शब्द उमटले की सारा बेत जागच्या जागी थांबतो, हा प्रसंग पुण्यातील प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना अपरिचित नाही. यात दोष कोणाचाच नसतो. ज्या अपत्यांना त्या माउलीने नऊ मास उदरात वाढविले, त्यांच्या पेशींवर पित्याकडून आलेल्या खुणा होत्या. त्या परक्या खुणांची तिच्या देहाने नोंद ठेवली आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे सिद्ध केली.

या खुणा, म्हणजे एचएलए, सर्वप्रथम श्वेत पेशींवर ओळखल्या गेल्या. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवावरून झां दोसे यांनी पॅरिसमध्ये 1958 साली त्यांचा पहिला माग काढला, व त्यासाठी 1980 साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्याच सुमारास हॉलंडमध्ये व्हॅन रूड आणि कॅलिफोर्नियात रोझ पेन यांना तशीच प्रतिपिंडे बाळंतिणींच्या रक्तात आढळली.

ती हुडकण्याची टेरासाकी यांनी 1964 साली रूढ केलेली रीत जवळून पाहण्याजोगी आहे. तळहातावर मावेल अशा प्लास्टिकच्या तबकडीत मोहरीच्या दाण्याएवढे खळगे असतात. थेंब सुकू नये म्हणून त्यांत आधी तेल घालतात, त्याखाली रुग्णाच्या रक्तद्रवाचा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, आणि त्यात दात्याच्या सुमारे दोन हजार जिवंत लिम्फोसाइट पेशी सोडतात. अर्ध्या तासाने सशाच्या रक्तातील पूरक प्रथिने मिसळतात. प्रतिपिंडे पेशीला चिकटली असतील तर ही प्रथिने तिचे आवरण भेदतात, मग रंगद्रव्य आत शिरते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलेली पेशी काळवंडलेली, तर जिवंत पेशी लख्ख चमकताना दिसते. या चाचणीचे, म्हणजेच क्रॉसमॅचचे, मोल पटेल आणि टेरासाकी यांनी 1969 साली आकड्यांनिशी दाखविले: चाचणी प्रतिकूल असूनही मूत्रपिंड बसविलेल्या 30 रुग्णांपैकी 24 जणांत ते तत्काळ निकामी झाले, अनुकूल असलेल्या 195 जणांत मात्र अवघ्या आठांत.

आता फ्लो सायटोमीटर आणि एचएलए-लेपित रंगीत मणी आले आहेत. मण्यांच्या साहाय्याने कोणत्या खुणेविरुद्ध किती प्रतिपिंडे आहेत याचा तपशील मिळतो. तथापि मण्यावर जे दिसते ते सारेच देहात घातक ठरते असे नाही, म्हणून जिवंत पेशीची साक्ष काढणाऱ्या जुन्या रीतीचा मान मला आजही मोठा वाटतो. आणि कोणतेही यंत्र असो, पूर्वी कितीदा रक्त चढविले, किती बाळंतपणे झाली, एखादा गर्भ मध्येच गळला काय, ही माहिती घरच्यांनी आडपडदा न ठेवता डॉक्टरांना दिलीच पाहिजे. संकोचापोटी दडविलेल्या गर्भपाताचीही खूण रक्तात राहिलेली असू शकते.

आरंभी सांगितलेल्या दांपत्यापुढे मार्ग अगदीच खुंटत नाही. 2011 साली दुरुस्त झालेल्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने अशाच अडचणीतील दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्यास मुभा दिली आहे. तसे कुटुंब मिळाले, की त्या अनोळखी दात्याच्या पेशी आणि हिचा रक्तद्रव पुन्हा त्याच खळग्यांत, तेलाखाली, एकत्र सोडले जातात.