साडेतीनशे किलोमीटर, उजेडात

पहाटे ४.४५
पुढच्या जुलैत मला मोटरसायकलवर एकटीने ऑस्ट्रिया, इटली आणि रोमानिया करायचं आहे. गाडी तिथेच भाड्याने घेणार. म्हणजे गाडी परकी, रस्ता परका आणि चालवायचं उजव्या बाजूने. इथून सोबत येईल ती फक्त अंगवळणी पडलेली शिस्त. म्हणून नोव्हेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी मी छत्रपती संभाजीनगरहून एक फेरी मारते. कन्नडच्या औट्रम घाटाने खानदेशात उतरायचं, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करायचं आणि अजिंठ्याच्या घाटाने परत वर चढायचं. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. नियम एकच, दिवस मावळायच्या आत घरी.

पहाटे ५.३०
हवा, ऑइल, चेन, ब्रेक, दिवे. रोज याच क्रमाने बघते, म्हणजे काही राहून जात नाही. टायर थंड असतानाच हवा मोजते, कारण गाडी पळाली की आकडा वाढलेला दिसतो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे अनेक कारखाने आजूबाजूला उभे राहिले. तशाच एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. नुसतं बघून ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही, मोजायचं, हे मी तिथे शिकले.

कागदपत्रं अंगावरच्या कमरपट्ट्यात ठेवते, गाडीच्या पेटीत नाही. २०२५ मध्ये मुंबईहून निघून सतरा देश पार केलेल्या एका स्वाराची गाडी इंग्लंडात नॉटिंगहॅमला चोरीला गेली. पासपोर्टही गाडीवरच्या सामानात होता. ती बातमी वाचल्यापासून कमरपट्टा मी चहाला उतरले तरी सोडत नाही.

सकाळी ६.३०
आई दारात. “कन्नड, जळगाव, फर्दापूर. तीन फोन. विसरू नको.” युरोपातही तीनच फोन करायचे, असं आमचं ठरलंय. दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी जेमतेम एक मोठी गाडी जाते. मी बाजूला थांबून समोरच्या बसला वाट देते. पुढे खुलताबाद, वेरूळ. गार वारा बोटांना झोंबतो, म्हणून हातमोज्यांखाली पातळ मोजे आहेत. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो.

सकाळी ८.१५
कन्नड. पोहे, चहा, पहिला फोन. टपरीवाले विचारतात, “ताई, एकट्याच?” मी “हो दादा” म्हणते आणि औट्रम घाट कसा आहे ते विचारते. खाली धुकं आहे, पुढे उसाच्या ट्रॉल्या लागतील, मागे लाल दिवा नसतो, जपून जा, असं ते सांगतात. नकाशात यातलं काहीच दिसत नाही. एकट्या माणसाशी लोक आपणहून बोलतात, मला तरी हाच अनुभव आहे. २०२३ च्या मार्चमध्ये गेटवे ऑफ इंडियाहून नऊवारी नेसून एकटीने जगाच्या प्रवासाला निघालेल्या रमिला लटपटे यांना पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यालाही जमेल.

सकाळी ८.४५
औट्रम घाट. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने इथे अवजड वाहनांना बंदी झाली, तेव्हापासून दुचाकीला जरा मोकळा श्वास मिळतो. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये धरायची, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. वेग वळणाच्या आधी उतरवायचा आणि नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथे सुटतं तिथे ठेवायची. ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लोकनर रस्त्यावर अशी ३६ वळणं आहेत, तो १९३५ साली खुला झाला. इटलीत स्टेल्व्हिओ खिंडीच्या एका बाजूलाच ४८ आहेत. आकडे मोठे असले तरी वळण एका वेळी एकच घ्यायचं असतं.

उजवी बाजू इथे सरावात आणता येत नाही. पण चुकीच्या बाजूला जाण्याचा खरा धोका असतो तो थांबून परत निघताना, रिकाम्या रस्त्यावर. म्हणून प्रत्येक थांब्यावरून निघताना मी मोठ्याने म्हणते, “बाजू कोणती?” इथे उत्तर डावी. तिथे बदलेल, पण प्रश्न तोच राहील.

दुपारी १२.१५
जळगाव. पाचोऱ्यापासून कापसाच्या गाड्यांमागून हळूहळू आले. इथे शेवभाजी आणि एकच भाकरी. आणखी एक खावीशी वाटते, पण पोट भरलं की घाटात डोळे जड होतात. दुसरा फोन.

दुपारी २.३०
फर्दापूर. तिसरा फोन. अंग थकलेलं नाही, तरी लिंबाखाली वीस मिनिटं बसते. गेल्या वर्षी याच वेळी न थांबता घाट चढले होते आणि वर एक खड्डा फार उशिरा दिसला. पडले नाही, पण घरी येईपर्यंत हात थरथरत होते. जोडीदार असता तर ‘थांब’ म्हणाला असता. एकटीला ते स्वतःला सांगावं लागतं आणि ऐकावंही लागतं.

संध्याकाळी ५.१५
सिल्लोड, फुलंब्री करून परत शहरात, हर्सूल टी पॉइंटला. सूर्य अजून वर आहे.

रात्री ८.००
चेन कोमट असतानाच तिला तेल दिलं. वहीत थांबे, पेट्रोल आणि खड्ड्यांच्या जागा लिहिल्या. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ कार्यालयात मिळतो, जास्तीत जास्त एक वर्षाचा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि २०२४ च्या मार्चअखेरपासून रोमानियाही त्यातच मोजला जातो. ही कामं रांगेत उभं राहून होतात. वेळेवर थांबण्याची सवय मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. तुम्हालाही एकट्याने लांब जायचं असेल, तर आधी आपल्या गावाभोवती अशी एक फेरी मारा आणि उजेड असताना घरी या. ते जमलं की मगच पुढचं तिकीट काढा.