गावातलं मैदान लेकरांसाठी उघडायचं का?

तायांनो, ऑगस्ट २०२१ मध्ये गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की शेवटी एकच विषय निघत होता. शाळा बंद होत्या, अंगणवाडीत लेकरं बसत नव्हती, मग शाळेपुढचं मैदान तरी उघडायचं का? एक ताई म्हणते, "उघडा बाप्पा, पोट्टे घरात जीव खाऊन राहिले." दुसरी म्हणते, "तिसरी लाट लेकरायवरच येणार म्हणतात, काऊन धोका घ्यायचा?" दोघींचंही म्हणणं काळजीतूनच आलेलं आहे, म्हणून दोन्ही बाजू नीट पाहून लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मैदान उघडावं. पण सगळ्यांसाठी एकदम नाही, आणि काहीच न ठरवता तर अजिबात नाही.

आधी नियमाचं पाहू, कारण "सरकारनं बंद केलं आहे" हे वाक्य मी जवळपास प्रत्येक गावात ऐकत होते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळंच बंद झालं, ते खरं आहे. पण ३१ मे २०२० रोजी राज्य सरकारने 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश काढला आणि ३ जूनपासून मैदानं, बागा सकाळी ५ ते संध्याकाळी ७ पर्यंत चालण्या-धावण्यासाठी, व्यायामासाठी मोकळ्या केल्या. गट करून खेळायचं नाही आणि लेकरासोबत मोठं माणूस पाहिजे, अशी अट होती. त्याच वेळी सरकारचीच दुसरी सूचना अशी होती की दहा वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायांनी आणि ६५ वर्षांवरच्यांनी घरातच थांबावं. आता सांगा, आठ वर्षांच्या पोरानं बाहेर जायचं की नाही? कोणालाच नीट कळलं नाही, आणि जिथं कळत नाही तिथं कुलूप लावून मोकळं होणं सोपं असतं.

पुढं २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये राज्यभर 'ब्रेक द चेन' आलं, ७ जूनपासून पाच स्तर आले. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या आदेशात खुली मैदानं आणि बागा स्थानिक प्रशासनानं ठरवलेल्या नेहमीच्या वेळेत सुरू ठेवता येतील, असं म्हटलं होतं. म्हणजे तेव्हा तुमच्या गावातलं मैदान बंद असलं तर ते मुंबईच्या आदेशामुळं नव्हतं. मात्र जिल्हाधिकारी जिल्ह्यापुरते कडक नियम लावू शकतात, म्हणून ठराव करण्याआधी ग्रामसेवकांना ताजा आदेश दाखवायला सांगा. आदेश मागण्यात भिण्यासारखं काही नाही, तो सगळ्यांसाठीच असतो.

शाळेचा मुद्दा वेगळा आहे. १० ऑगस्टला आदेश निघाला की १७ ऑगस्टपासून आणखी वर्ग भरतील, आणि लगेच टास्क फोर्सच्या डॉक्टरांनी हरकत घेतली म्हणून तो थांबला. त्यामुळं वर्गखोल्यांचं कुलूप काढा असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडं बहुतेक गावांत, ढाण्यांवर, मैदान म्हणजे जिल्हा परिषद शाळेचंच आवार. वर्गाला कुलूप आणि त्याच्यासोबत फाटकालाही कुलूप, असं झालं होतं. ही दोन कुलपं वेगळी करता येतात.

आता आजाराचं. कोरोना पसरतो तो मुख्यतः तोंडा-नाकातून निघणाऱ्या बारीक तुषारांतून. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं एक सूचना काढली. तिचा भर यावरच होता की बंद जागेत हे तुषार साचतात, दारं-खिडक्या उघडल्या की विरळ होतात. आपल्याला हे चुलीवरून समजते. कुडाच्या घरात, पावसाळ्यात दार लोटून चूल पेटवली तर धूर किती वेळ डोळ्यांत झोंबत राहतो! तीच चूल अंगणात पेटवा, दोन हातांवर बसलेल्या माणसाला धुराचा वाससुद्धा लागत नाही. मैदान आणि घर यात तेवढाच फरक आहे. जवळ जवळ, तोंडाला तोंड लावून बोललं तर बाहेरही लागण होऊ शकते, पण उघड्यावर धोका घरापेक्षा पुष्कळ कमी असतो.

पहिल्या वर्षी आपण झोपाळ्याला, दाराच्या कडीला हात लावायलाही भीत होतो. आता शास्त्रज्ञ सांगतात की वस्तूंना हात लावून लागण होण्याची शक्यता फार कमी आहे. हात धुवायचे ते धुवायचेच, त्यानं जुलाबही टळतात. पण घसरगुंडीला काटेरी फांद्या बांधून ठेवण्याची गरज उरलेली नाही.

आणि खरी गोष्ट ही की मैदान बंद केल्यानं खेळ बंद झालाच नाही. खेळ फक्त जागा बदलून बसला. किराणा दुकानाच्या ओट्यावर, ज्या घरी टीव्ही आहे त्या एका खोलीत दहा-दहा लेकरं, एका मोबाईलवर सहा डोकी. आजी त्याच खोलीत बाजेवर पडलेली. ज्या आजीला जपायचं म्हणून मैदान बंद केलं, तिच्याच उशाशी सगळी पोरं आणून बसवली! काही लेकरं नाल्यावर जातात. सिपना, गडगा पावसाळ्यात कशा भरतात ते तुम्हाला मी काय सांगू.

यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. मैदानाला कुलूप लागलं तरी मोठ्या पोरांचं क्रिकेट थांबलं नाही. पडीक वावरात, मोहाच्या झाडाखाली त्यांचा डाव चालूच होता. बंद झालं ते लहान लेकरांचं आणि मुलींचं. मुलगी दूर वावरात खेळायला जाऊ शकत नाही, तिला घराजवळची, सगळ्यांच्या नजरेतली जागा लागते. ती जागा गेली, आणि ती दीड वर्षापासून भांडी, पाणी आणि कडेवरचा भाऊ यातच अडकली. 'घरीच तर आहे' म्हणून पुढं तिच्या लग्नाच्या गोष्टी कशा निघतात, हेही आपण बैठकांमधून बोललो आहोत.

तिसऱ्या लाटेच्या भीतीबद्दल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं जून-जुलै २०२१ मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ततपासणी केली, त्यात महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते. ६ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये १०० पैकी ५७ जणांच्या आणि १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये १०० पैकी जवळपास ६२ जणांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिकारद्रव्यं सापडली. या वयाच्या मुलांना तेव्हा लस मिळालेलीच नव्हती. म्हणजे ही मुलं आजाराला आधीच सामोरी गेली आहेत, बहुतेकांना कळलंही नाही. आणि हे कधी झालं? शाळा, अंगणवाड्या, मैदानं बहुतेक काळ बंद असताना. आजार मोठ्यांसोबत बाजारातून, लग्नातून, तेरवीतून घरात आला. कुलूप लावलेल्या मैदानातून नक्कीच नाही आला.

पण याचा अर्थ लेकरांना काहीच होत नाही असा घेऊ नका. आपल्याकडं पावसाळा म्हणजे निमोनिया, जुलाब, मलेरिया आणि वजन घटण्याचे महिने. १९९३ पासून मेळघाटाचं नाव कुपोषणासाठी पेपरात येतं, ते याच महिन्यांमुळं. तीव्र कमी वजनाच्या लेकराला कोणताही आजार जड जातो. आणि धारणीहून अमरावती घाटातून जवळपास दीडशे किलोमीटर आहे. म्हणून जी ताई "धोका काऊन घ्यायचा" म्हणते तिला कोणी भित्री म्हणू नये. तिच्या प्रश्नाचं उत्तर नियमांत दिसलं पाहिजे, ते खाली येतेच.

जगातही हाच घोळ झाला. स्पेन देशात १४ वर्षांखालच्या मुलांना सहा आठवडे घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, मग २६ एप्रिल २०२० पासून रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरपर्यंत, मोठ्या माणसासोबत सोडलं. इंग्लंडनं ४ जुलै २०२० ला खेळाची मैदानं उघडली आणि पुढच्या दोन लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद केली तरी ती मैदानं बंद केली नाहीत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं डिसेंबर २०२० मध्ये मैदानं पुन्हा बंद केली, आणि आई-बापांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच तो नियम मागं घेतला. त्यांच्याकडं मोठे दवाखाने आहेत हे खरं, पण घरात कोंडलेल्या लेकराचं काय होते हे सगळीकडं सारखंच आहे.

अंगणवाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १३ जानेवारी २०२१ ला राज्यांना सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत उघडण्याचा निर्णय घ्या. त्यानंतर दुसरी लाट आली. आहार तेव्हा घरपोच मिळत होता, पण तो बहुतेक घरी सगळ्यांत वाटला जात होता, हे आपणच एकमेकींना सांगत होतो. शिवाय कोरकू बोलणारं लेकरू मराठी पहिल्यांदा ऐकते ते अंगणवाडीत आणि खेळताना. पहिलीत जाण्याआधीची ती दोन वर्षं कोरी गेली तर बाई फळ्यावर काय लिहिते ते त्याला कसं कळणार? मैदान म्हणजे अंगणवाडी नाही, पण लपंडाव खेळताना दहावीस मोजायला तरी शिकते. आणि धावून आलेलं लेकरू भाकर मागून खाते, हे वेगळं सांगायला नको.

तर उघडायचं कसं?

पहिलं काम गवताचं. दीड वर्ष पाय न पडलेल्या मैदानात तरोटा कमरेपर्यंत वाढला आहे. कोरोनाच्या आधी साप-विंचू पाहा. गवत कापा, काचा उचला, पाणी साचलेले खड्डे बुजवा. झोपाळ्याचे नट-बोल्ट गंजले असतील तर तो दुरुस्त होईपर्यंत वरून बांधून ठेवा. हे काम मोठ्यांचं आहे, लेकरांना गवत कापायला लावू नका.

मग वेळ. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं निंदण चालू असते, बाया साडेपाचच्या आत घरी येत नाहीत. सकाळची वेळ ठेवली तर लक्ष द्यायला कोणी नसते. त्यामुळं साडेपाच ते अंधार पडेपर्यंत, साधारण सव्वा तास, हीच वेळ जमण्यासारखी वाटते. एका दिवशी एका ढाण्याची किंवा एका गल्लीची लेकरं, पंधरा-वीसपेक्षा जास्त नको. म्हणजे कोणी आजारी पडलंच तर कोणाकोणाच्या घरी विचारायचं ते माहीत राहते. आठवड्यातला निदान एक दिवस फक्त मुलींचा ठेवा. हे मी आग्रहानं सांगते, नाहीतर दुसऱ्याच दिवशी बॅट घेऊन मोठी पोरं येतील आणि मुली कुंपणाला टेकून पाहत बसतील.

लक्ष कोण ठेवणार? गावातल्या सगळ्या गटांनी पाळी लावायची, रोज दोन बाया, आणि शक्यतो लस घेतलेल्या. घरातल्या मोठ्या मुलीला "तू बस तिथं" म्हणू नका, तीसुद्धा लेकरूच आहे, तिलाही खेळू द्या. फाटकाजवळ साबण आणि पाण्याची बादली. केंद्राच्या आरोग्य खात्यानं जून २०२१ मध्ये सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना मास्क लावायची गरज नाही, सहा ते अकरा वयाच्यांनी मोठ्यांच्या देखरेखीत लावला तर चालते. धावताना नाकावर ओला मास्क लादू नका. पाळीवरच्या बायांनी मात्र लावायचा.

ताप, खोकला, जुलाब असलेलं लेकरू त्या दिवशी घरी, आणि त्याच दिवशी आशाताईला निरोप. ज्याचं वजन फार कमी आहे त्याच्याबद्दल अंगणवाडीताईला विचारूनच ठरवा. लेकरू घरी परतलं की हात-पाय धुऊनच आजीजवळ जाईल. आणि ज्या दिवशी गावात कोरोनाचा रुग्ण निघेल त्या दिवशी मैदान बंद, दोन आठवडे, वाद न घालता. क्रिकेटचे सामने, कबड्डीचे सामने, बाहेरगावच्या टीम, पोळ्याची गर्दी या मैदानावर नको म्हणजे नको.

सर्वांत मोठी राखण मात्र मोठ्यांच्या लसीची आहे. गावात लसीबद्दल काय काय बोललं जाते ते मला माहीत आहे. ज्या घरातल्या आई, बाप, आजी, आजोबांनी लस घेतली, त्या घरातलं लेकरू खेळायला गेलं तर मनाला घोर कमी. पाळीच्या यादीत नाव लिहिताना लसीची तारीख शेजारी लिहायचा एक रकाना ठेवा, चर्चा आपोआप होईल.

"हे गटाचं काम आहे का?" असं एका बैठकीत विचारलं गेलं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, शिक्षण आहे, पंचायतराजही आहे. शिवाय आपला तालुका पेसा क्षेत्रात येतो, गावाच्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्या आणि एक-एक प्रत ग्रामपंचायतीला, शाळा व्यवस्थापन समितीला आणि मुख्याध्यापकांना देऊन पोच घ्या. ठराव असा लिहिता येईल:

"आमच्या गावातील शाळेचे मैदान, वर्गखोल्या बंद ठेवून, १२ वर्षांपर्यंतच्या मुला-मुलींसाठी रोज सायंकाळी ५.३० ते ६.४५ या वेळेत उघडण्यात यावे. देखरेखीसाठी रोज दोन सदस्य महिला हजर राहतील, त्यांची यादी सोबत जोडली आहे. मैदानाची सफाई दि. ____ रोजी गटांमार्फत केली जाईल. गावात कोरोना रुग्ण आढळल्यास मैदान १४ दिवस बंद ठेवले जाईल. फाटकाची एक किल्ली ग्रामसंघाच्या सचिवांकडे राहील."