अतिशीत द्रवांसाठीचे व्हॉल्व्ह : रचना व कार्य

प्रस्तावना : नळातील प्रवाह सुरू करणे, थांबविणे व नियंत्रित करणे हे व्हॉल्व्हचे कार्य होय. पाण्याच्या बाबतीत ते सोपे वाटते; परंतु द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला, तर द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतो. या तापमानात नेहमीचा व्हॉल्व्ह का टिकत नाही व त्यावर कोणते उपाय योजले जातात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन : साधे कार्बन पोलाद अतिशीत अवस्थेत ठिसूळ बनते. म्हणून अशा व्हॉल्व्हसाठी थंडीतही चिवट राहणारे क्रोमियम-निकेलयुक्त स्टेनलेस स्टील वापरतात. या व्हॉल्व्हची लांब मान लगेच नजरेत भरते. दांड्याभोवतीचे पॅकिंग द्रवापासून दूर राहावे आणि मानेत साठलेल्या वाफेनेच उष्णतारोधकाचे काम करावे, ही त्यामागील योजना आहे. मान आखूड असल्यास पॅकिंग गोठून कडक होते व गळती सुरू होते. शिवाय हवेतील बाष्पाचा बर्फ दांड्यावर जमून चाक फिरेनासे होते.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. बॉल व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्याच्या पोकळीत थोडा द्रव अडकतो. बाहेरील उष्णतेने त्याची वाफ होते. द्रव नायट्रोजनचे आकारमान वायुरूपात सुमारे ७०० पट होऊ पाहते. वाट न मिळाल्यास व्हॉल्व्ह फुटू शकतो. म्हणून बॉलला, सामान्यतः प्रवाह येणाऱ्या बाजूस, बारीक छिद्र ठेवतात. असा व्हॉल्व्ह एकाच दिशेने बसवावा लागतो. त्याच्या अंगावरील बाणाकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच घातक ठरते.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र सीलचा आहे. टेफ्लॉनसारखे पदार्थ थंडीत पोलादाच्या कित्येक पट आकुंचन पावतात व कडक होतात. त्यामुळे सामान्य तापमानातील गळतीची चाचणी येथे पुरेशी नाही. व्हॉल्व्ह द्रव नायट्रोजनने थंड करून हेलियम वायूच्या दाबाखाली तपासावा लागतो.

या प्रश्नाचे गांभीर्य १२ ऑगस्ट २०२१ रोजी दिसून आले. जीएसएलव्ही-एफ१० या उड्डाणात क्रायोजेनिक टप्पा प्रज्वलित झाला नाही व ईओएस-०३ हा उपग्रह गमवावा लागला. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरील दाब-मोचक व्हॉल्व्हमधून गळती होऊन टाकीतील दाब घटला आणि मऊ सीलला झालेली इजा हे त्याचे सर्वाधिक संभाव्य कारण होय, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. ही इजा व्हॉल्व्हच्या उघडझापीत, दूषित कणांमुळे किंवा अतिशीत तापमानात जोडणीवर आलेल्या ताणामुळे झाली असावी. व्हॉल्व्ह बळकट करण्याबरोबरच टाकीतील दाब राखणारी सक्रिय यंत्रणा बसविण्याची शिफारसही समितीने केली. त्यानंतरचे जीएसएलव्ही-एफ१२ हे उड्डाण २९ मे २०२३ रोजी यशस्वी झाले.